ओळ संपायच्या आत

मंगळवार, ५ नोव्हेंबर १९८५

आज ऑफिसात नलिनीने पकडलं. साहेब बाहेर गेले होते आणि मी टाइप करताना बिघडलेल्या पत्रांच्या पाठीमागे लिहीत बसले होते. ती मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. म्हणाली, "अगं, ही कविता आहे." मी म्हटलं, नाही गं, असंच. तर म्हणते, असंच लिहितात त्यालाच कविता म्हणतात, बाकीचा निबंध.

मला ठाऊक नाही ते काय आहे. एवढंच कळतं की लिहिताना माझे पाय हलायचे थांबतात. एरवी थांबत नाहीत. ऑफिसात टेबलाखाली हलतात, घरी जेवताना हलतात. आई पूर्वी ओरडायची. आता नुसती बघते.

माझा धाकटा भाऊ नंदू धुळवडीला मित्रांबरोबर मनोरीला गेला आणि रंग धुवायला समुद्रात उतरला, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. बारावीची परीक्षा तोंडावर होती. आपल्याला पोहता येतं असं त्याला वाटायचं. त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली. पेढे आणायचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

हे इथे लिहिता येतं. घरात त्याचं नाव कोणी घेत नाही. आई फार तर "तां झाल्यापासून" म्हणते, आणि बाबा तेवढंही म्हणत नाहीत.

नलिनी म्हणते, मुलुंडला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला काव्यकट्टा भरतो, तू चल. मी म्हटलं, बघू. बसमध्ये वाटभर पाय हलत होते.

शनिवार, ९ नोव्हेंबर

गेले. नुसतं ऐकून आले.

वीसेक माणसं असतील. विद्याधर सर म्हणून एक प्राध्यापक तो कट्टा चालवतात. ते सांगत होते की कविता कागदावर असते तोवर ती अर्धीच असते, ती तोंडाने बोलायची असते. "कागदाआड लपू नका. पाठ करा, उभे राहा, बोला." एका बाईंनी नवऱ्याच्या आजारपणाची कविता म्हटली. म्हणताना आवाज कापत होता आणि खाली बसल्यावर त्यांनी चक्क दोन बिस्किटं खाल्ली. मी त्या बिस्किटांकडे बघत राहिले. बोलून झाल्यावर भूक लागते तर.

पुढच्या वेळी मी बोलणार आहे. हे लिहिलंय म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

सकाळी मंडळाचे धाकूकाका आले होते. सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाच्या पूजेचं ठरवायला. चहा होईपर्यंत वर्गणी, मांडव, लाउडस्पीकर असं बोलत राहिले, मग मुद्द्यावर आले. "सहदेवा, गाऱ्हाणा तूच घालूचा. गेल्या साली आमी काय बोललंव नाय. आता वर्ष होऊन गेला."

बाबा म्हणाले, "दुसरो कोण बघ."

"दुसऱ्याचा गाऱ्हाणा देवाक आयकाक येता काय?"

धाकूकाका हसले, बाबा नाही हसले. शर्ट घालून बाहेर निघून गेले. रात्रपाळी करून आलेला माणूस, झोपायचं सोडून.

मला राग आला. आमच्या या घाटकोपरच्या चाळीत अर्धी बिऱ्हाडं मालवणाकडची आहेत आणि बाबांच्या गाऱ्हाण्यासाठी लोक भांडुपहून यायचे. बाबा नारळ हातात घेऊन उभे राहायचे आणि देवाशी असे बोलायचे जणू समोर कोणी मोठा माणूस उभा आहे. "बा देवा म्हाराजा," अशी सुरुवात, आणि मग एकेका बिऱ्हाडाची नावं. धाकूच्या झिलाक नोकरी लागू दे, शकुच्या लेकीचा बाळंतपण सुखरूप होऊ दे. प्रत्येक वाक्य "म्हाराजा" वर यायचं, बाबा थांबायचे आणि सगळी चाळ एका आवाजात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात शेवटी आमचं घर. शेवटच्या वेळी म्हणाले होते, माझ्या सुलक्षणाक आणि नंदूक परीक्षेत यश दे, दोघांकाय सांभाळ म्हाराजा. नंदू नेहमी घाई करायचा. बाबा "म्हाराजा" पर्यंत पोचायच्या आतच "व्हय म्हाराजा" ठोकून द्यायचा, मग सगळे हसायचे. बाबा डोळे वटारायचे आणि मिशीतून हसायचे.

आणि आता म्हणे दुसरा कोणी बघ. माणूस किती कोरडा होत जातो. आधी संप झाला, गिरणी गेली, मग साकीनाक्याची वॉचमनची नोकरी. नंतर तर बाबांनी सगळ्यातूनच अंग काढून घेतलं. आम्हालाही दु:ख आहे. पण आम्ही चाळीवर राग नाही काढत.

शनिवार, १४ डिसेंबर

बोलले. मी बोलले.

कविता अशी आहे:

तो गेला.
त्याची एक चप्पल दारात उलटी पडली आहे.
उलट्या चपलेने घरात भांडण होतं म्हणतात.
मी ती सरळ करत नाही.
तो येईल, आणि आम्ही भांडू.

पुढे आणखी आहे. नंदूची चप्पल खरंच एक सरळ आणि एक उलटी असायची. रोज.

मधे एकदा कुठेतरी लपावंसं वाटलं, पण कागद हातात नव्हता म्हणून बोलतच राहावं लागलं. संपल्यावर विद्याधर सर म्हणाले, "विरहाची इतकी संयत कविता मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती."

विरहाची.

मला आधी कळलंच नाही. मग एक गृहस्थ म्हणाले की प्रियकराच्या चपलेत पूर्ण प्रेमकहाणी मावली आहे. सगळे माना डोलावत होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकं चांगलं बोलत होते सगळे. जानेवारीत घाटकोपरच्या शाळेच्या हॉलमध्ये कट्ट्याचा वार्षिक कार्यक्रम आहे, त्यात मला घेतलंय.

एकच दोष सरांनी सांगितला. "ओळ संपली की तू थांबतेस. अर्थ पुढे वाहत असतो आणि तू मधेच उभी. कोणाची वाट बघतेस?" ते थांबणं काढून टाक म्हणाले.

परत येताना नलिनी कोपराने ढोसत होती. "कोण गं तो? आपल्या एमआयडीसीतला आहे का?" मी हसले. मी का हसले?

बिस्किटं होती. खाल्ली नाहीत.

सोमवार, १६ डिसेंबर

झोप नाही. पाय पुन्हा जोरात सुरू झालेत. बोलले तर मोकळं व्हायला हवं होतं ना? उलट असं वाटतंय की नंदूला मी कोणा भलत्याच्या नावावर विकून आले. पुढच्या वेळी सांगेन, की तो माझा भाऊ आहे. पण मग ते म्हणतील की इतके दिवस गप्प का बसलीस. आणि कविता तेवढी चांगली राहील का? हाही विचार आला मनात. लिहून ठेवते, लाज वाटली तरी.

रविवार, २९ डिसेंबर

वाट लागली.

शेजारच्या शकुमावशीचा जावई मुलुंडला राहतो, त्याच वाचनालयाचा सभासद आहे हे मला काय ठाऊक. तिथून बातमी मावशीकडे आली आणि मावशीकडून सगळ्या गॅलरीत पसरली. सहदेवाचा चेडू स्टेजवर उभा ऱ्हवान कोणा पोरासाठी रडता. मी नळावर गेले तेव्हा मावशीनेच तोंडावर विचारलं, "काय गो, घोव शोधलंस आणि आमका सांगूक नाय?" बाकीच्या हंड्यांवरून बघत होत्या.

घरी आले तर आई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोण गो तो?"

बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी हळू आवाजात म्हटलं, "नंदू."

आईचा हात सुपात थांबला. मला वाटलं आता रडेल, किंवा मला मारेल. मग म्हणाली, "परत सांग."

"कविता?"

"नाव."

"नंदू," मी म्हटलं.

आईने मान हलवली आणि पुन्हा खडे शोधू लागली. सुपातलं तिला काही दिसत नसणार. थोड्या वेळाने नेहमीच्या फटकळ आवाजात बोलली, "मगे तो तो काय करतस? तो म्हणजे घोव. घोवाचा नाव घेनत नाय. भावाचा घेऊक काय झाला?"

मी तिला समजावायला गेले की कवितेत असं थेट नाव घेत नाहीत, तो म्हटलं की कविता सगळ्यांची होते. विद्याधर सरांचंच वाक्य. आई म्हणाली, "सगळ्यांचो खंय होतो तो? आमचो होतो."

आई सगळं आयुष्य बाबांना "हे" आणि "ते" म्हणत आली. चाळीतल्या सगळ्याच बायका तशाच. त्यांच्या कानांना "तो" नवऱ्याशिवाय दुसरा कोणी असूच शकत नाही. आणि मी बी.ए. मराठी.

बाबा हलले नाहीत. झोप लागली की त्यांना काही ऐकू येत नाही, बरं आहे एका परीने.

गुरुवार, ९ जानेवारी १९८६

कविता सगळी मोडली. आता "तो" नाही. आता प्रत्येक ओळीत नंदू आहे, ओळ त्याच्याशीच बोलते. चांगली झाली की वाईट ते कळत नाही. विद्याधर सरांना आवडणार नाही बहुतेक. फार उघडी आहे.

मोरीच्या बाजूला उभी राहून पाठ करते. ते थांबणं काही केल्या जात नाही. ओळ संपते, आवाज वर जातो आणि मी उभी. घड्याळ लावून म्हटली, धावत धावत म्हटली, तरी थांबतेच.

आणखी एक त्रास. मी म्हणायला लागले की बाबा अंथरुणात खाकरतात. प्रत्येक ओळीनंतर. आज मुद्दाम लक्ष दिलं, अगदी ओळ संपली की खाकरणं. माझा त्यांच्या झोपेला उपद्रव होतो हे उघड आहे, पण तसं सरळ सांगावं ना. उद्यापासून गच्चीवर जाईन.

शुक्रवार, १७ जानेवारी

उद्या. आईला ये म्हटलं, ती म्हणाली, माका थयसर काय कळतला. बाबांना मी विचारलं नाही. त्यांची पाळी असते.

भूक नाही. पाय.

शनिवार, १८ जानेवारी

बाबा आले होते. मी कधीही विसरणार नाही आणि कधीही माफ करणार नाही.

मी नाव घेतलं. पहिल्याच ओळीत घेतलं. "नंदू, तुझी चप्पल अजून उलटीच आहे." नेहमीसारखी थांबले. आणि हॉलच्या मागून भरदार आवाज आला, "व्हय म्हाराजा."

लोक हसले. का नाही हसणार, नाटकातला विनोदच वाटला असेल त्यांना. पुढच्या रांगेतल्या बाई मान वळवून बघत होत्या. मागे भिंतीला टेकून बाबा उभे, वॉचमनच्या खाकी कपड्यात, पाळी सोडून आलेले. शेजारी धाकूकाका आणि शकुमावशी.

दुसरी ओळ. "नंदू, मी पास झाले, पेढे तू आणणार होतास." पुन्हा तेच. तिसऱ्या ओळीला धाकूकाकांचाही आवाज त्यात आला. चौथ्या ओळीला मावशीचा.

आयुष्यात एकदा मी उभी राहिले होते. सगळं घरचं, चाळीचं, गाऱ्हाण्याचं मागे ठेवून. आणि त्यांनी सगळ्या लोकांसमोर माझी कविता गाऱ्हाणं करून टाकली.

घरी येताना मी पुढे चालत होते, ते मागे.

रविवार, १९ जानेवारी

काल रागात लिहिलं. आज शांतपणे सगळं लिहून काढते, कारण एक गोष्ट राहून गेली आहे.

चौथ्या ओळीनंतर कोणी हसलं नाही. मला वाटतं तिसरीनंतरच थांबले होते. मी घाबरून पुढे जात होते, पण माझा आवाज घाबरलेला नव्हता. तो कुठून येत होता कळत नव्हतं. ओळ संपली की मी थांबायचे आणि ती जागा भरून यायची. मुलुंडला तीच जागा रिकामी होती. सरांनी विचारलं होतं कोणाची वाट बघतेस.

शेवटची ओळ अशी होती: "नंदू, आता जिथे असशील तिथलं पाणी गुडघ्याएवढंच असू दे."

मी "गुडघ्या" पर्यंत आले असेन. बाबांचा आवाज तेवढ्यातच आला. एकट्याचाच. ओळ संपायच्या आतच, घाईघाईने, "व्हय म्हाराजा." धाकूकाका वगैरे मागाहून आले. माझी उरलेली ओळ त्या गोंधळात बुडाली. काल मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला होता, की निदान शेवटची ओळ तरी नीट पुरी करू द्यायची.

आज सकाळपासून ते घाईघाईचं "व्हय म्हाराजा" कानात आहे. बाबा असे कधी घाई करत नाहीत. गाऱ्हाण्यात तर नाहीच. ती घाई नंदूची.

विद्याधर सर निघताना म्हणाले होते की समूहस्वराचा प्रयोग धाडसी होता, पण आधी कळवायला हवं होतं. नलिनीने माझा हात धरून ठेवला आणि ती म्हणाली, "मला सांगायचं होतंस गं." मी म्हटलं, हो. मग आम्ही दोघींनी हॉलबाहेर वडापाव खाल्ला. मला एकदम भूक लागली होती. हेही काल लिहायचं राहिलं.

मंगळवार, २१ जानेवारी

आज आई कोळणीशी भांडली. खूप दिवसांनी. बांगडे शिळे आहेत म्हणून चांगली दहा घरं ऐकतील अशी भांडली, आणि आत येऊन म्हणाली, नंदू आसतो तर परत देऊन इलो आसतो. अगदी सहज. बाबा जेवत होते. घास तोंडापर्यंत गेलेला तसाच राहिला, मग तोंडात गेला.

"व्हय," बाबा म्हणाले, "तो लाजत नाय हुतो."

एवढंच. मी ताटाकडे बघून जेवत होते. जेवण झाल्यावर लक्षात आलं की माझे पाय मांडी घालून बसलेत, गप्प.

रविवार, २६ जानेवारी

दुपार. खाली मांडव झालाय, लाउडस्पीकर केव्हाचा कोकलतोय. संध्याकाळी आरतीनंतर गाऱ्हाणं. धाकूकाकांनी दुसऱ्या कोणालाही सांगितलेलं नाही असं शकुमावशीकडून कळलं. सहदेव नाय तर कोण नाय, असं म्हणाले म्हणे. लोक भांडुपहून निघालेत.

मी इतके दिवस काय समजत होते ते वर लिहिलंय. ते खोडणार नाही. बाबा कोरडे झाले, चाळीवर रुसले. मला एकदाही सुचलं नाही की गाऱ्हाण्यात सगळ्यात शेवटी आमचं घर येतं आणि आमच्या घरात दोन नावं असतात. एक घेतलं की दुसरं घ्यावं लागतं, नाहीतर गाळावं लागतं. आणि ज्याला सांभाळ म्हणून देवाला मोठ्याने सांगितलं होतं, सगळ्या चाळीच्या साक्षीने, तोच गेला.

मगाशी बाबा आरशासमोर उभे होते. धुतलेला सदरा, केसांना पाणी लावलेलं. मला म्हणाले, "आज माझ्या बाजूक उभी ऱ्हव."

मी म्हटलं, बायका तिथे उभ्या राहत नाहीत, धाकूकाका काय म्हणतील.

"धाकूक मी सांगतंय."

मग कंगवा फळीवर ठेवला, पुन्हा उचलला. घसा खाकरला. मी विचारलं, घसा बसलाय का, आल्याचा काढा करू? नको म्हणाले. कंगव्याचे दात अंगठ्याने मोजल्यासारखे करत राहिले. बाहेर कोणीतरी माइक तपासत होतं.

"समज, सगळ्यांची नावा घेतलंय," बाबा म्हणाले, "आणि आपल्या घराकडे इलंय, आणि मगे माझो आवाज मधीच..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

बाबांनी आरशातून डोळे वटारले.